बर्फ नुसता बघायचा नाहीये, खेळायचाय: गुलमर्गबद्दल तुमचे प्रश्न

दिवाळी संपली की या सदराकडे थंडीच्या सुट्टीचे प्रश्न यायला लागतात, आणि यंदा बरेचसे गुलमर्गचेच आलेत. म्हणून या वेळी पूर्ण सदर त्यालाच देतेय. माझी स्वतःची तिथे तीन हिवाळे राहून झालेत, स्की पण तिथेच शिकले, त्यामुळे जे लिहितेय ते पायाखाली घातलेलं आहे.

प्रश्न: आम्ही नाशिकचे, घरात चौघं, मुलगी १४ वर्षांची आणि मुलगा १० चा. सहा दिवसांचं पॅकेज बघतोय, श्रीनगर, सोनमर्ग, गुलमर्ग, पहलगाम सगळं आहे त्यात. मुलांना स्कीइंग करायचंय. गुलमर्गच्या एका दिवसात होईल ना?

ताई, नाही होणार, आणि हे आत्ताच सांगितलेलं बरं कारण पॅकेजचे पैसे भरल्यावर काही करता येत नाही.

एका दिवसात काय होतं ते सांगते. सकाळी श्रीनगरहून निघता, अंतर जेमतेम ५० किलोमीटर, पण टंगमर्गला गाडी थांबते, वरचे १३ किलोमीटर बर्फाचे, तिथे चाकांना साखळी लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी लागते, म्हणजे गाडी बदला, भाडं ठरवा, गमबूट आणि कोट भाड्याने घ्या, आणि वर पोचेपर्यंत अकरा-बारा वाजतात. मग गोंडोलाची, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेची, रांग. मग कोणीतरी पोरांच्या पायात स्की अडकवून दहा मिनिटं हाताला धरून ओढतं, फोटो निघतात, आणि चारनंतर ऊन डोंगरामागे गेलं की जी थंडी पडते त्यात सगळे गाडीकडे पळतात. याला स्कीइंग म्हणत नाहीत हो.

खरं शिकणं असं असतं. पहिल्या दिवशी नुसते बूट घालून चालायचं, ते बूट इतके कडक असतात की नडगी दुखते. मग एका पायात स्की घालून सरकायचं, आडव्या पावलांनी चढ चढायचा, पडायचं कसं नि पडल्यावर उठायचं कसं ते शिकायचं, आणि मग दोन्ही स्कीची पुढची टोकं जवळ आणि टाचा लांब करून ब्रेक लावायचा, लहान मुलांना तिथले इन्स्ट्रक्टर त्याला ‘पिझ्झा बनाओ’ म्हणतात आणि मुलांना ते लगेच कळतं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, उतरताना धडाधड पडायला होतं, आणि बहुतेक जण इथेच म्हणतात जाऊ दे. पण तिसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी अचानक वळण जमतं. ते वळण जमतं तेव्हा मुलांचा चेहरा बघा. त्याच्यासाठी एवढ्या लांब जायचं.

म्हणून माझं म्हणणं, सहा दिवसांपैकी चार रात्री सलग गुलमर्गला राहा आणि एक श्रीनगरला. सोनमर्ग आणि पहलगाम सोडून द्या, ते उन्हाळ्यात करा, तेव्हा ते जास्त छान असतात. चार रात्रींमध्ये तीन पूर्ण सकाळी स्लोपवर मिळतात, आणि एक दिवस हवा बिघडली तरी सगळं वाया जात नाही. हा राखीव दिवस हवाच, कारण जोराचा बर्फ पडायला लागला की वरचा रस्ता बंद, गोंडोला बंद, श्रीनगरची विमानं पण रद्द होतात. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मात्र खाली श्रीनगरला येऊनच झोपा.

प्रश्न: डिसेंबरला जावं का फेब्रुवारीला? नाताळची सुट्टी सोयीची पडते.

सोयीची पडते खरी, पण भरवशाची नाही. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ असतं, सगळ्यात कडक थंडी, त्यानंतर वीस दिवसांचं चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचं चिल्लई बच्चा. बर्फाचा जाड थर साठतो तो या चाळीस दिवसांत. नाताळला गेलात तर बर्फ असेलही, पण कधी कधी पातळ असतो, खालून गवत नि दगड दिसतात, आणि गर्दी प्रचंड, दर पण चढलेले. आणि हे पण ऐका, जानेवारी २०२४ मध्ये तर ऐन महिन्यात गुलमर्ग कोरडं होतं, लोकं मातीवर उभं राहून फोटो काढत होती, बर्फ आला तो महिनाअखेरीस. त्यामुळे खात्री कोणीच देऊ शकत नाही.

माझी पसंती जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर हे जमणार नाही, मग नाताळ संपल्यावर लगेचचा, जानेवारीतला दुसरा आठवडा शाळेकडून मागून घ्या. रात्री पारा उणे १० च्या आसपास जातो, दिवसा ऊन असेल तर शिकताना घामच येतो.

प्रश्न: मी ४७ वर्षांचा, कोल्हापूरचा. सह्याद्रीतले बरेच गड झालेत, कळसूबाई दोनदा. मला वेगळी तयारी लागेल का? गुडघा अधूनमधून कुरकुरतो.

दादा, गड चढणाऱ्या माणसाला दमाची काळजी नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

एक म्हणजे उंची. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. गुलमर्ग गावच साधारण २६५० मीटरवर आहे, म्हणजे हॉटेलच्या दारात उभे राहिलात तरी कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटर वर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, तीन हजाराच्या थोडा वर, आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३९५० मीटर. मुंबईहून सकाळी निघून दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन उभं राहिलं की डोकं दुखतं, मळमळतं, काहींना श्वास लागतो. पहिले दोन दिवस गावातच, बेबी स्लोपवर (नवशिक्यांच्या हलक्या उतारावर) काढा, पाणी पीत राहा (थंडीत तहान लागत नाही म्हणून लोकं पीतच नाहीत), दारू नको, आणि वरती त्रास झाला तर ‘थोडं बसतो, बरं वाटेल’ असं न करता लगेच खाली या. बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर जायच्या आधी डॉक्टरांना विचाराच.

दुसरं म्हणजे स्नायू. गड चढताना पोटऱ्या काम करतात, स्कीवर सगळा भार मांड्यांवर येतो, कारण तुम्ही अर्धवट बसलेल्या पोझमध्ये उभे असता. आजपासून दीड-दोन महिने आहेत ना, रोज भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं बसा, अर्ध्या मिनिटापासून सुरू करून दोन मिनिटांपर्यंत न्या, अर्ध्या उठाबशा काढा, जिने उतरायची सवय करा, एका पायावर तोल सांभाळायचा सराव करा. गुडघा आधी ऑर्थोपेडिकला दाखवून घ्या, कारण स्कीवर पडताना पाय पिळला की पहिला मार गुडघ्यालाच बसतो. स्की भाड्याने घेताना आपलं वजन खरं सांगा, त्यावरून बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी क्लिप) सेट करतात, म्हणजे पडताना स्की पायातून सुटते. लाजून वजन कमी सांगितलं तर नको तेव्हा सुटेल, जास्त सांगितलं तर हवी तेव्हा सुटणारच नाही. स्कीची लांबी सुरुवातीला हनुवटीपर्यंत पुरे.

प्रश्न: नीट कोर्स करायचा असेल तर? माझं वय २३, पंधरा दिवस काढू शकते.

पंधरा दिवस असतील तर तू नशीबवान आहेस. गुलमर्गलाच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे, पहलगामच्या जवाहर इन्स्टिट्यूटचे पण हिवाळी कोर्स असतात, आणि मनालीची अटल बिहारी वाजपेयी माउंटेनिअरिंग संस्था सोलंगला स्की शिकवते. सरकारी कोर्समध्ये राहणं, जेवण, स्की, शिकवणं बहुतेक सगळं फीमध्येच येतं, म्हणून खाजगी शिकण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं, पण सीट भराभर संपतात, आत्ताच अर्ज कर. राहणं साधं असतं, सकाळी लवकर उठवतात, स्वतःची स्की स्वतः खांद्यावरून न्यायची. मला तरी तेच आवडलं.

उत्तराखंडमधल्या औलीचं पण अनेक जण विचारतात. तिथे गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स आहेत, उतार फार सुंदर, समोर नंदादेवी दिसते. फक्त जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून जोशीमठ-औली रोपवे बंद पडला, त्यामुळे रस्त्याने जायची तयारी ठेव.

प्रश्न: कपडे किती न्यायचे?

कमी पण बरोबर. आत सुती बनियन नको, घाम शोषून ओला राहतो आणि मग गारठतं. अंगाला चिकटून थर्मल, वर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. जीन्स अजिबात नको. वॉटरप्रूफ हातमोजे दोन जोड, एक ओला होतोच. स्की बुटात पायमोजे एकच जोड, लांब. दोन घातले की रक्त दबतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरून ऊन परत डोळ्यांत येतं आणि संध्याकाळी डोळे वाळू गेल्यासारखे खुपतात. आणि मोबाईल, बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं, घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड असू द्या.

प्रश्न: सासूबाई ६८ वर्षांच्या, त्यांना स्की करायची नाही पण यायचंय. आणि सुरक्षित आहे का हो सगळं?

सासूबाईंना नक्की न्या. गावात सपाट बर्फावरून चालणं होतं, १९०२ सालचं सेंट मेरी चर्च छोटंसं टेकाडावर आहे, बर्फात फार देखणं दिसतं. गोंडोलाचा पहिला टप्पा त्यांना पुरे, दुसरा नको. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइनच काढायची असतात, आधीच काढा, ऐनवेळी मिळत नाहीत. बुटांखाली लावायचे छोटे खिळ्यांचे पट्टे इथूनच घेऊन जा, चालताना पाय घसरत नाही.

सुरक्षेचं दोन भागात सांगते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे झालं त्यात आपल्या महाराष्ट्रातली पण माणसं गेली, त्यानंतर मनात भीती असणं साहजिक आहे आणि घरातल्या एकाचं जरी मन घेत नसेल तर ओढून नेऊ नका, मनाली किंवा औली आहेच. जाणार असाल तर कुठली ठिकाणं पर्यटकांसाठी उघडी आहेत ते निघायच्या आधी सरकारी सूचनांमध्ये बघा आणि तेवढ्यातच राहा.

दुसरं भय बर्फाचं. अफरवटच्या उतारावर हिमस्खलन होतं, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. दोरी बांधलेल्या हद्दीपलीकडे एक पाऊल नको, गाइड कितीही म्हणाला तरी. स्की पॅट्रोलने, म्हणजे उतारांवरच्या सुरक्षा पथकाने, वरचा भाग बंद ठेवला असेल तर तो दिवस खालीच मजेत काढा.

आणि एक गोष्ट जी कोणी विचारत नाही. खोलीत कांगडी (निखाऱ्यांचं काश्मिरी मडकं), कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटता ठेवून दारं-खिडक्या बंद करून कधीच झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो, आणि थंडीच्या गावांत असे मृत्यू होत राहतात. बुकिंग करतानाच विचारा की खोली गरम कशाने करता, इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का, वीज गेली तर जनरेटर किती तास चालतो. सासूबाईंसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी घरूनच न्या, रात्री पायाशी ठेवली की त्यांना शांत झोप लागेल.