वाचकांचे प्रश्न: कपाट बांधायचं, पण कशाला?

या वेळी आलेले प्रश्न इमारतीच्या सांगाड्याचे नाहीत. कपाटं, टाक्या, फॉल्स सीलिंग, आतल्या भिंती यांचे आहेत. खांब-तुळयांची गणितं इंजिनिअर करतो. या वस्तूंकडे मात्र बहुतेक वेळा कोणीच बघत नाही, आणि भूकंपात सांगाडा टिकलेल्या इमारतीतही माणसं याच वस्तूंमुळे जखमी होतात.

प्रश्न : आमची शाळा पाटण तालुक्यात आहे. वर्गात आणि प्रयोगशाळेत साडेसहा फुटी लोखंडी कपाटं आहेत. मागे रॉवल प्लग (भिंतीतल्या भोकात स्क्रू धरणारी नळी) मारून ती भिंतीला लावली होती, पण आता हातानेही हलतात. पक्की कशी करावीत?

आधी भूकंपात कपाट का पडतं ते पाहा. तुमचं कपाट साधारण १,९५० मि.मी. उंच आणि ४५० मि.मी. खोल असणार. सगळीकडे सारखं भरलं असेल तर खोली भागिले उंची, म्हणजे ०.२३. आडवा धक्का गुरुत्वाच्या २३ टक्क्यांवर गेला की कपाटाची मागची कड उचलायला लागते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणातल्या यंत्राने याच्या दुपटीहून जास्त प्रवेग नोंदवला होता. तेव्हा तुमच्या भागात कपाट मोकळं ठेवणं बरोबर नाही.

रॉवल प्लग सुटला, कारण त्याची पकड प्लास्टरमध्ये होती. ४० मि.मी.च्या स्क्रूपैकी वीसेक मि.मी. प्लास्टरमध्येच जातात. उरलेला विटांच्या सांध्यातल्या मसाल्यात गेला असेल तर पकड नाहीच. म्हणून आधी भिंतीत पक्कं काय आहे ते शोधा. लिंटेलचा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरचा, आरसीसी पट्टा बहुधा सात फुटांवर, म्हणजे कपाटाच्या डोक्याच्या जरा वर असतो. कपाटाच्या माथ्याला दोन टोकांजवळ ५० × ५० × ५ मि.मी.चे दोन अँगल (काटकोनी लोखंडी पट्ट्या) नटबोल्टने बसवा. आतून रुंद वॉशर किंवा पट्टी घाला, नाहीतर पातळ पत्रा फाटून बोल्ट बाहेर येतो. अँगलपासून लोखंडी पट्टी वर नेऊन लिंटेलमध्ये १० मि.मी.चा अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये फुलून घट्ट बसणारा बोल्ट) निदान ६० मि.मी. खोल मारा. ही खोली काँक्रीटमधली धरायची, प्लास्टर सोडून.

लिंटेल पट्टा नसेल आणि भिंत नऊ इंची विटांची असेल, तर बोल्ट आरपार घ्या आणि पलीकडे १०० × १०० मि.मी.ची प्लेट लावा. जुनी दगड-मातीची भिंत असेल तर तिला काहीही बांधू नका. धक्क्यात ती भिंतच फुगून उसवते. तिथे दोन कपाटं पाठीला पाठ लावून वर-खाली बोल्टने जोडा. पाया ९०० मि.मी. झाला की तेच गुणोत्तर ०.४६ होतं. शिवाय खाली काँक्रीटची जमीन असेल तर तळही तिला अँगलने धरा. अशी जोडी भिंतीपासून दूर आणि दाराच्या वाटेवर येणार नाही अशी ठेवा.

प्रयोगशाळेत एवढ्यावर भागत नाही. कपाट जागेवर राहतं, पण दार उघडून बाटल्या खाली येतात. दाराला कडी हवी, प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला ४० मि.मी. उंचीची पट्टी हवी. ॲसिड सगळ्यात खालच्या कप्प्यात, अल्कलीपासून वेगळं ठेवा.

प्रश्न : कोयनानगरला आमच्या गच्चीवर १,००० लिटरची प्लास्टिकची टाकी विटांच्या चार खांबांवर ठेवली आहे. धोका आहे का?

आहे, आणि तो लवकर दूर करा. गच्चीच्या वर उभ्या असलेल्या टाक्या, कठडे, धुराडी यांच्यासाठी आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत इमारतीच्या आडव्या भूकंप गुणांकाच्या (वजनाच्या किती पट आडवा जोर धरायचा तो आकडा) पाचपट जोर धरायला सांगितला आहे. कारण इमारत जमिनीचा धक्का वाढवूनच माथ्यावर पोचवते. तुमचा भाग त्या आवृत्तीत भूकंपाच्या झोन ४ मध्ये. कमी उंचीची, तन्य (न तुटता वाकू शकणारी) आरसीसी चौकट धरली तर गुणांक ०.०६, पाचपट म्हणजे ०.३०. भरलेली टाकी एक टनाची, म्हणजे ३०० किलोचा आडवा जोर, तोही खांबांच्या वर. विटांचे सुटे खांब तो पेलत नाहीत. सांधा उघडतो आणि टाकी कठड्यावरून खाली जाते.

लोखंडी स्टँड करा. चारही पायांना तिरके ब्रेसिंग, टाकीच्या तळाखाली सलग सपाट आधार, अंगाभोवती दोन पट्टे. इथे खरी चूक होते ती पायांच्या बोल्टची. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर असतो, चार-पाच इंच जाड. बोल्ट कोब्यात मारला तर पकडही मिळत नाही आणि वॉटरप्रूफिंगही फुटतं. जिथे पाय येणार तिथला कोबा काढा, तुळईत किंवा खांबाच्या डोक्यात केमिकल अँकरने (भोकात भरून घट्ट होणाऱ्या रसायनाने) सळया बसवून छोटा आरसीसी चौथरा ओता, त्याभोवती वॉटरप्रूफिंग पुन्हा नीट करून घ्या. बेस प्लेट या चौथऱ्यावर. टाकीतून निघणाऱ्या पाइपला पहिल्याच तुकड्यात लवचीक होज द्या. टाकी वाचली आणि पाइपचा एल्बो (वळणाचा जोड) तुटला, तर पाणी तरीही जातंच.

प्रश्न : कराडजवळ तीस खाटांचं रुग्णालय बांधतो आहोत. फॉल्स सीलिंग आणि जनरेटरबाबत काय काळजी घ्यावी?

कॅलिफोर्नियातलं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय १९७१ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं, म्हणून नवं भक्कम बांधलं. १९९४ मध्ये सांगाड्याने धक्का सोसला, पण स्प्रिंकलर आणि थंड पाण्याच्या लाइन फुटल्या आणि रुग्णांना बाहेर हलवावं लागलं. तेव्हा पाइप, डक्ट आणि सीलिंग यांचे आधार टेंडरमध्येच स्वतंत्र बाब म्हणून लिहा.

सीलिंगच्या नुसत्या उभ्या तारा वजन धरतात, झोका थांबवत नाहीत. दर ३.६ मीटरला चार दिशांना ४५ अंशांत तिरक्या तारा आणि मधोमध स्लॅबपर्यंत एक ताठ नळी हवी. नळी नसेल तर तिरकी तार ताणली जाताना सीलिंगच्या पट्ट्यांची जाळी वर उचलली जाते. दोन लगतच्या भिंतींना जाळी पक्की करा, समोरच्या दोन बाजूंना २० मि.मी. फट सोडा. दिवे सीलिंगवर नुसते टेकलेले नकोत, त्यांना स्लॅबपासून स्वतंत्र तारा द्या.

जनरेटर स्प्रिंगवर बसवला की कंपन कमी होतं, पण भूकंपात तोच स्प्रिंगवरून उडी मारतो. चारही बाजूंना रबर लावलेले लोखंडी अडसर चौथऱ्याला बोल्ट करा. बॅटरी रॅकला बांधा. ती घसरून केबल सुटली तर जनरेटर चालूच होत नाही. ऑक्सिजन सिलिंडरला दोन साखळ्या: एक खालच्या, एक वरच्या तिसऱ्या भागाच्या उंचीवर.

प्रश्न : फ्लॅटमधल्या आतल्या पार्टिशन भिंतीच्या वरची फट मसाल्याने घट्ट भरावी का?

हलक्या पार्टिशनची नको. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे तीन मीटरच्या मजल्याला आखणीच्या जोराखाली (इमारत आखताना धरलेल्या भूकंपाच्या जोराखाली) १२ मि.मी.पर्यंत आडवं सरकणं चालतं, आणि मोठ्या भूकंपात प्रत्यक्षात इमारत त्याहून जास्त सरकते. घट्ट अडकलेली पातळ भिंत तिरकी फुटते. फटीत दबणारा फोम घाला, आणि भिंत बाजूला कोसळू नये म्हणून वर दोन्ही अंगांनी स्लॅबला अँगल लावा. हे अँगल भिंतीला मात्र स्क्रू करायचे नाहीत. चौकटीतल्या बाहेरच्या जाड भिंतींना हा उपाय परस्पर करू नका. त्या इमारतीच्या ताठपणात भाग घेतात, तेव्हा तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच हात लावा.