शब्दांत लपलेले पक्षी

‘मूल मराठी छान बोलतं, पण वाचायला बसवलं की उठून पळतं,’ ही तक्रार परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत ऐकू येते. अशा वेळी माझं सांगणं असतं की धडे थोडे दिवस बाजूला ठेवा आणि पक्ष्यांची कोडी घेऊन बसा. पक्ष्यांची मराठी नावं बहुतेक दोन-चार अक्षरांची असतात आणि मुलांना ती चटकन आवडतात.

अजून वाचता न येणाऱ्यांसाठी ‘चिमणी उड’ आहेच. सगळ्यांनी बोट जमिनीवर टेकवायचं, एकाने चिमणी, कावळा, बैल अशी नावं घ्यायची आणि बैलाला उडवणारा बाद. मुलं रुळली की मधेच शहामृग, पेंग्विन, कोंबडी आणा. कोंबडी उडते की नाही यावर भांडण होणारच. ते होऊ द्या, फक्त मराठीत होईल एवढं बघा.

शब्दशोध, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यात लपलेली नावं शोधायचं कोडं, मात्र हातानेच करा. इंग्रजीसाठी बनवलेल्या संगणकी साधनांत मराठी शब्द घातला की काना-मात्रा अक्षरापासून तुटून शेजारच्या चौकटीत जाण्याची भीती असते, आणि मग मूल चुकीचंच वाचायला शिकतं. एका चौकटीत एक पूर्ण अक्षर हवं, मात्रेसकट आणि जोडाक्षरासकट. ‘भारद्वाज’ला चार चौकटी लागतात: भा, र, द्वा, ज. ‘साळुंकी’ तिनांत बसते. उरलेल्या चौकटींतही मात्रा असलेली अक्षरं भरा, नाहीतर पक्षी लगेच उघडे पडतात. सुरुवातीला सहा बाय सहाचा तक्ता पुरे, आणि नावं फक्त आडवी-उभी ठेवा.

भेंड्या खेळताना एक अडचण येते. मोर, राघू, घुबड, डोमकावळा इथवर गाडी नीट जाते आणि ‘ळ’वर अडते. तिथे ‘ल’ चालेल असं आधीच ठरवा, म्हणजे लावा किंवा लांडोर येईल. ‘चिमणी’नंतर ‘ण’ऐवजी ‘न’ घ्या आणि नाचण म्हणा.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो वाक्यात पक्षी लपवण्याचा खेळ. ‘बस सुटायची म्हणून त्याने डेपो पटकन गाठला’ यात पोपट आहे. ‘आता मागे का वळावे?’ यात कावळा, ‘खेळाची साधने शहरात मिळतात’ यात धनेश, आणि ‘माघार’मध्ये घार. इथे मुलाला प्रत्येक अक्षर डोळ्यांखालून घालावंच लागतं, शब्दाच्या आकारावरून अंदाज बांधून भागत नाही. वाचनाचा इतका चांगला सराव मला दुसरा माहीत नाही. थोडी मोठी मुलं अशी वाक्यं स्वतः रचू लागतात. ती सोडवताना मुद्दाम चुकू नका, मुलांना ते कळतं.

कामकरी पक्ष्यांची कोडीही जरूर घाला. पानं शिवून घरटं करणारा कोण? शिंपी. झाडाच्या खोडावर ठोकत बसणारा? सुतार. भांड्यावर ठोके पडावेत तसा टुक-टुक आवाज काढणारा तांबट, शेपटी सारखी खाली-वर हलवणारा धोबी, पकडलेलं भक्ष्य काट्याला टोचून ठेवणारा खाटीक. नावाचं कारण कळलं की नाव विसरत नाही. जरा कठीण प्रश्न हवा असेल तर विचारा, ‘कुहू-कुहू कोण करतं, नर की मादी?’ गातो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी असते, अंगावर पांढरे ठिपके असतात आणि अंडी ती बऱ्याचदा कावळ्याच्या घरट्यात घालते.

हे पक्षी मुलांनी पाहिलेले नसतात, ही शंका रास्त आहे. पण चिमणी युरोप-अमेरिकेतही आहे, साळुंकी ऑस्ट्रेलियात आहे. सुरुवात त्यांच्यापासून करा. तिथल्या ज्या पक्ष्याला मराठी नाव नसेल, त्याचा रंग, चोच, आवाज बघून मुलांनाच नाव ठेवू द्या आणि पुढच्या शब्दशोधात ते घाला.