पहिला मीडियम फॉरमॅट (३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मचा) कॅमेरा जुनाच घ्यायचा आहे. यशिका, मामिया की हॅसलब्लाड?

तुम्ही लिहिलंय की ३५ मिमीवर दोन वर्षं हात बसलाय, बाहेर फिरून फोटो काढता, आणि आता या तिघांपैकी एक घ्यायचाय. मी यशिका मॅट-१२४जी घ्या म्हणेन.

हॅसलब्लाड ५००सी/एम सुरेखच आहे, पण त्याचं शटर प्रत्येक लेन्समध्ये वेगळं असतं. म्हणजे लेन्स वाढली की सर्व्हिसिंगही वाढलं. मामिया आरबी ६७ ला बॅटरी लागत नाही आणि ६×७ सेंमीची निगेटिव्ह पाहून जीव खूश होतो, पण लेन्ससकट वजन अडीच किलोच्या वर जातं. घरात ट्रायपॉडवर पोर्ट्रेट काढणार असाल तर जरूर घ्या. गळ्यात अडकवून बाजारात फिरायला नको.

१२४जी १९७० ते १९८६ या काळात बनला. एकावर एक दोन लेन्स, वरची बघायला, खालची (८० मिमी एफ/३.५) फोटो काढायला. १२० च्या रोलवर (मीडियम फॉरमॅटची रुंद फिल्म) ६×६ चे बारा फोटो. वरून खाली बघत फोकस करायचा. चित्र डावं-उजवं उलट दिसतं, त्याची सवय एक-दोन रोलमध्ये होते.

आता खरं सांगायचं ते हे, की नाव ठरलं तरी नग हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. माझा पहिला मी बाहेरून चकचकीत दिसला म्हणून घेतला. एक सेकंदावर शटर उघडायचं आणि अडकून बसायचं. दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ गेला, आणि ते मनाला अजून लागतं. म्हणून आधी एक सेकंद, अर्धा, पाव असे हळू स्पीड कानाने ऐका. आतल्या चाकांची घरघर एकसारखी यायला हवी.

मग मागचं झाकण उघडा, बी वर (बटण दाबलंय तोवर शटर उघडं राहतं) शटर धरून ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि समोरून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या कॅमेऱ्यात ती हमखास सापडते. खालच्या लेन्समध्ये असेल तर सोडून द्या. फक्त वरच्या, बघायच्या लेन्समध्ये थोडी असेल तर फोटोला काही होत नाही. भाव कमी करून घ्या.

तसंच उघडं शटर ठेवून फिल्मच्या जागी धुरकट चिकटपट्टी ताणून लावा आणि लांबची इमारत बघा. वरच्या बघायच्या काचेवर फोकस नीट दिसतोय आणि पट्टीवर धूसर, असं असेल तर दोन्ही लेन्स जुळलेल्या नाहीत. सेल्फ टायमरला मात्र हात लावू नका, जुन्या शटरमध्ये तो अडकतो.

प्रकाश मोजणारा मीटर बंद असेल तर वाईट वाटून घेऊ नका. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा, ते सेल आता बनत नाहीत. कडक उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला एफ/१६ आणि १/१२५, बाकी वेळी मोबाइलचं मीटर अ‍ॅप. मी तसंच करते.

माळ्यावर आजोबांचा आग्फा क्लिक-३ पडला असेल तर आधी त्यात एक रोल घाला. तोही १२० चाच रोल घेतो, भरायचा सराव फुकटात होईल.

आणि कॅमेरा घरी आला की चामड्याच्या केसमधून बाहेर काढून सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. केस ओल धरून ठेवते.