सापडलं तर हात खिशात

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं की आमचा ठाणे-नवी मुंबईतला ग्रुप पलाऊला जायची तयारी करतोय, दुसऱ्या महायुद्धात तिथे पडलेली विमानं शोधायला. पलाऊ म्हणजे फिलिपाइन्सच्या पूर्वेला पॅसिफिकमधला बेटांचा छोटासा देश. तर त्यावर इतके मेसेज आले की यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, गच्चीवरच्या बागेवाल्यांनी प्लीज रागावू नका.

आम्ही दर वीकेंडला गडकिल्ले करतो, स्टॅमिना चांगलाय. आम्हाला येता येईल का? आणि ८० वर्षं होऊन गेली, आता तिथे शोधायला काय उरलंय?
– एक ट्रेकर, खारघर

दादा, उरलंय भरपूर. १९४४ च्या मार्चमध्ये अमेरिकन विमानवाहू जहाजांनी पलाऊवर मोठा हल्ला केला, मग १५ सप्टेंबरला पेलेलिऊ बेटावर सैन्य उतरवलं आणि ती लढाई दोन महिन्यांच्या वर चालली. या सगळ्यात दोन्हीकडची विमानं पडली, काही खाडीत, काही खारफुटीत, काही डोंगरातल्या झाडीत, आणि त्यांच्याबरोबर माणसंही गेली. त्या महायुद्धातले ७२ हजारांच्या आसपास अमेरिकन अजून बेपत्ता धरले जातात, जपानी वेगळेच.

१९९३ साली पॅट स्कॅनन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर पलाऊला गेले होते, त्यांना तिथे उथळ पाण्यात एका बी-२४ बॉम्बरचा पंख दिसला आणि मग ते वर्षानुवर्षं स्वखर्चाने, स्वयंसेवक घेऊन तिथेच जात राहिले. १ सप्टेंबर १९४४ ला कोरोर या तिथल्या मोठ्या गावाजवळ पडलेलं दुसरं एक बी-२४, ज्यात ११ जण होते, ते त्यांच्या टीमला सापडलं थेट २००४ मध्ये. त्याआधी जुन्या साक्षी-नोंदींवर विसंबून ते भलत्याच भागात शोधत होते. नेमकी जागा कळली ती एका स्थानिक म्हाताऱ्या कोळ्यामुळे, त्याला पाण्याखाली विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, दिसला होता. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आमच्यातल्या गॅजेटवाल्या मंडळींना ते पटत नाही. आपल्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या आजोबांना विचारून बघा, जाळं कुठे अडकतं ते त्यांना तोंडपाठ असतं.

आता तुमच्या स्टॅमिनाचं. किल्ल्यावर वाट असते हो, तिथे नाही. दिवसभर कंपासवर सरळ रेषेत झाडी तुडवत जायचं, दहा मीटरवर दुसरा माणूस, आणि बहुतेक दिवस संध्याकाळी हाती शून्य. ज्यांना माथ्यावर पोचून फोटो लागतो ते दुसऱ्या दिवशी चिडचिड करायला लागतात. येऊरच्या बाजूला वनखात्याची परवानगी काढून आम्ही हीच प्रॅक्टिस करतो, या एकदा, अर्धा दिवस रांगेत चाला आणि मग तुम्हीच ठरवा. पाण्यातली टीम वेगळी आहे, त्यांनी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा कोर्स केलाय. बेसिक कोर्सवर १८ मीटरपर्यंत जाता येतं, पुढच्या कोर्सवर ३० पर्यंत, आणि आम्ही त्याच्या खाली कुणाला पाठवणार नाही.

मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. मॅग्नेटोमीटर आणि ड्रोन घेतला तर आठवड्यात काम होईल ना? एवढी माणसं कशाला?
– ऐरोली

नाही होणार. विमान बहुतांशी ॲल्युमिनियमचं आणि मॅग्नेटोमीटरला कळतं लोखंड, म्हणजे इंजिनातलं पोलाद, लँडिंग गियर, मशीनगन एवढंच. त्यात बाबेलदाओब हे मोठं बेट ज्वालामुखीच्या दगडाचं, आपल्या सह्याद्रीसारखं, तर दगडच मीटरला फसवतो. हातातल्या मेटल डिटेक्टरला ॲल्युमिनियम कळतं पण जेमतेम हातभर खोलीपर्यंत, आणि लढाई झालेल्या जमिनीत तो दर पावलाला बोंबलणार. ड्रोनला वरून फक्त पानं दिसतात. पाण्यात साइड-स्कॅन सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळाचं चित्र दाखवणारं यंत्र, खरंच कामाचा आहे, पण प्रवाळ चढलेला पंख आणि नुसताच प्रवाळ यातला फरक स्क्रीनवर ओळखायला सवयीचा डोळा लागतो.

तुम्ही मात्र या, कारण पुढचं काम तुमच्यासारख्याचंच आहे. सापडलं ते कुठलं विमान? रंग गेलेला, नंबर गेलेला. मग सिलिंडर मोजायचे. एका इंजिनाला १८ असतील तर कोर्सेअर किंवा हेलकॅट या अमेरिकन लढाऊ विमानांकडे बघायचं, १४ असतील तर बी-२४, अमेरिकनांचं ॲव्हेंजर, जपानी लढाऊ विमान झिरो, बरेच निघतात, मग चार इंजिनं होती की एक ते बघायचं. पंख्याची पाती वाकलेली असतील तर आपटताना इंजिन चालू होतं असा अंदाज बांधता येतो. हा भाग मला सगळ्यात आवडतो, खरं सांगायचं तर मी त्यासाठीच जातोय.

माझा मुलगा तुमच्या ग्रुपात आहे, घरी काही नीट सांगत नाही. साप, मगरी, मलेरिया, त्यात म्हणे बॉम्ब. मी पाठवू का?
– एक आई, नौपाडा

काकू, मलेरिया पलाऊत नाही. डेंग्यू आहे आणि लेप्टोही आहे, म्हणजे ठाण्याच्या पावसाळ्यात घेता तीच काळजी, जखम उघडी ठेवून चिखलात उतरायचं नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, म्हणून खारफुटीत स्थानिक वाटाड्याशिवाय कुणी पाय टाकणार नाही. आणखी एक, तिथे आपल्या बिब्ब्याच्या जातकुळीतलं एक झाड आहे, त्याचा चीक लागला की अंग उततं. तुम्हाला बिब्बा माहीत असणार, मुलाला नसेल, तेवढं त्याला समजावा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लावा, तो हाफ पँटवर येतो सरावाला.

बॉम्बचं मात्र खरं आहे आणि त्यावर मी गोड बोलणार नाही. न फुटलेला दारूगोळा तिथे अजून सापडतो. नियम असा की दिसला की थांबायचं, लांबून फोटो, जीपीएसची नोंद, आल्या पावलांनी मागे, आणि तिथल्या यंत्रणेला कळवायचं. पायाने ढकलून बघणारा माणूस त्याच दिवशी टीमबाहेर. आणि हो, शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास तरी विमानात बसायचं नाही, त्यामुळे परतीचं तिकीट एक दिवस उशिराचं आहे, तो तुमच्याशी खोटं बोलत नाहीये!

एखादा छोटा बोल्ट आठवण म्हणून आणला तर काय बिघडतं? तिथे गंजूनच जाणार ना.
– कॉलेज स्टुडंट, वाशी

नाही आणायचा. तिथल्या कायद्यात बसत नाही, पाण्यात बुडालेलं अमेरिकन लष्करी विमान असेल तर ते आजही त्यांच्या सरकारच्या मालकीचं, आणि त्या बोल्टशेजारी कुणाचं तरी हाड असू शकतं. हाड दिसलं तर तिथे काम बंद, कशाला हात लावायचा नाही, जागा फक्त अधिकाऱ्यांना सांगायची, इन्स्टावर लोकेशन टाकायचं नाही. बाहेर काढणं हे शास्त्र शिकलेल्या टीमचं काम. कोरोरजवळच्या त्या बी-२४ मधल्या माणसांचे अवशेष काढायला, तपासायला आणखी काही वर्षं गेली, अमेरिकेतल्या आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत दफन झालं २०१० मध्ये.

बँकेतून रिटायर झालोय, गुडघे गेलेत. लेजर मात्र आयुष्यभर तपासलेत. माझा काही उपयोग?
– कोपरी, ठाणे पूर्व

काका, तुम्ही आधी का नाही लिहिलंत? १९४३ पासून अमेरिकन आर्मीच्या हवाई दलाने प्रत्येक बेपत्ता विमानामागे एक रिपोर्ट भरलाय, विमान शेवटचं कुठे दिसलं, हवा कशी होती, आत कोण होतं, इंजिनांचे आणि मशीनगनचे सिरियल नंबरसुद्धा. या रिपोर्टांच्या स्कॅन कॉप्या त्यांच्या नॅशनल अर्काइव्हजमधून मिळतात, पण टायपिंग पुसट, हाताने केलेल्या खाडाखोडी, आणि एकाच घटनेबद्दल दोन साक्षीदार दोन दिशा सांगतात. नौदल आणि मरीनच्या विमानांचे कागद वेगळे, ते वेगळ्या फॉरमॅटमध्ये. आमची तरुण मंडळी दोन पानं वाचून जांभया देतात आणि डाइव्हिंगचे व्हिडिओ बघत बसतात. जंगलात फिरायला माणसं आहेत हो, कागद जुळवायला नाहीत. वेळ, उंची, दिशा यांचा ताळा लावून नकाशावर शोधायची चौकट छोटी करून द्यायची, ती जितकी छोटी तितके आमचे तिथले दिवस वाचतात. चष्मा आणि मोठी फूटपट्टी घेऊन या, चहा आमचा. आणि तुमच्या सोसायटीत कुणी जपानी शिकलेलं असेल तर त्यांनाही विचारा, त्या बाजूचे कागद वाचणारं आमच्याकडे अजून कुणीच नाही.