कोर्टाने रद्द केलेला कायदा सरकार पुन्हा आणू शकतं का? मग मोठं कोण, कोर्ट की संसद?

'मोठं कोण' हे सोडा. प्रश्न एवढाच की निकालात दाखवलेला दोष नव्या कायद्यात काढलाय का. काढला असेल तर खुशाल आणा. नुसतं 'कोणत्याही न्यायालयाच्या न्यायनिर्णयात काहीही अंतर्भूत असले तरी' असं वर छापून जुनाच मजकूर पुढे ढकलला, तर तो टिकत नाही. भरूच नगरपालिकेच्या घरपट्टीच्या खटल्यात, १९६९ साली, हे ठरून गेलंय. कायद्यातल्या 'रेट' या शब्दाचा अर्थ वार्षिक भाड्यावरची पट्टी, म्हणून भांडवली किमतीवरची आकारणी कोर्टात पडली होती. विधिमंडळाने त्या शब्दाचा अर्थच पूर्वलक्षी प्रभावाने (म्हणजे मागच्या तारखेपासून) बदलला आणि वसुली वाचली.

आता आपल्याकडचं डान्सबारचं घ्या, कारण 'कोर्टाने डान्सबार उघडले' हे वाक्य अजून ऐकू येतं. मुंबई पोलीस कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीत कलम ३३अ ने बिअरबार आणि परमिट रूममधला नाच बंद केला. लगेच पुढच्या ३३ब ने तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं, क्लब, नाट्यगृहं सोडून दिली. म्हणजे तोच नाच गल्लीतल्या बारमध्ये अनैतिक आणि एसी लॉबीत संस्कृती! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे पाडलं, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये त्यावर शिक्का मारला. दोष दोन होते: समानतेचा (घटनेचं कलम १४) आणि व्यवसायस्वातंत्र्याचा (कलम १९(१)(छ)). २०१४ मध्ये सरकारने ३३ब ची सवलत काढून सगळीकडेच बंदी घातली. पहिला दोष गेला, दुसरा तसाच राहिला. ऑक्टोबर २०१५ मध्ये स्थगिती. मग २०१६ चा स्वतंत्र कायदा: बंदी नाही, परवाना. पण शाळा-देवळांपासून एक किलोमीटर, आत सीसीटीव्ही असल्या अटी. मुंबईत एक किलोमीटरात शाळा किंवा देऊळ नाही अशी जागा दाखवा! जानेवारी २०१९ मध्ये त्या अटी गेल्या, संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ आणि पैसे उधळण्यावरची बंदी मात्र राहिली. नीट लिहिलेलं टिकलं. तेव्हा खापर कोर्टावर नको, मसुदा लिहिणाऱ्यांवर फोडा.

केंद्रही शहाणं नाही. न्यायाधिकरणांच्या (ठरावीक विषयांचे वाद सोडवणाऱ्या, कोर्टासारख्या मंडळांच्या) सदस्यांना किमान वय ५० आणि मुदत चार वर्षं, हे जुलै २०२१ मध्ये रद्द झालं आणि महिन्याभरात संसदेने तेच परत मंजूर केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेही पडलं.

नवं विधेयक आलं की शेवटी जोडलेलं 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' आधी वाचा. जुना निकाल शेजारी ठेवा, निष्कर्षाच्या परिच्छेदात कोणतं कलम मोडलंय ते बघा, आणि नेमके कोणते शब्द बदललेत ते खुणा करून तपासा.

एक राहिलं. निकाल घटनेच्या अर्थावर असेल तर साध्या कायद्याने भागत नाही, घटनादुरुस्ती लागते. मराठा आरक्षणाच्या मे २०२१ च्या निकालात १०२ व्या दुरुस्तीमुळे मागास ठरवायचा राज्यांचा अधिकार गेला असं म्हटलं होतं. ऑगस्टमध्ये १०५ वी दुरुस्ती करून तो परत दिला. आरक्षणावरच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेला मात्र त्या दुरुस्तीने हात लावला नाही. आणि घटनादुरुस्तीही केशवानंद भारती निकालातल्या मूलभूत चौकटीत (घटनेचा गाभा, जो संसदेलाही मोडता येत नाही) बसायला लागते. न्यायाधीश नेमणुकीची ९९ वी दुरुस्ती तिथेच २०१५ मध्ये अडकली.