वाचकांचे प्रश्न : शर्यतीची क्वाड की आडवाटेची?

प्रश्न : गुहागरजवळ आमची कलमांची बाग आणि वर मोकळा कातळसडा आहे. काहीही फेरबदल न करता शर्यत आणि आडवाटा, दोन्हींसाठी क्वाड (चार चाकांची, मोटारसायकलसारखी गाडी) घ्यायची तर यामाहाची वायएफझी ४५० आर घ्यावी की रॅप्टर ७०० आर?

उत्तर : केवळ शर्यतच करायची असेल तर ४४९ सीसीची वायएफझी निःसंशय सरस आहे, कारण तिच्या चाकांमधील जास्त रुंदीमुळे वेगातील वळणावर कलंडण्याचा धोका कमी होतो. मात्र तिचे इंजिन खरा जोर वरच्या फेऱ्यांवर, म्हणजे ते खूप वेगाने फिरत असतानाच, दाखवते आणि तिला रिव्हर्स गिअर नाही; दोन गडग्यांमधल्या अरुंद पाणंदीत पुढचे चाक चिऱ्याला अडले की उतरून ती हातांनी मागे ओढावी लागते, आणि ही उणीव मला फार मोठी वाटते. ६८६ सीसीच्या रॅप्टरला रिव्हर्स आहे, शिवाय घाटीच्या चढणीवर ती कमी फेऱ्यांतही भक्कम ओढते. तुम्ही रॅप्टरच घ्यावी. खाऱ्या हवेत साखळी लवकर गंजते, म्हणून गाडी धुतल्यावर साखळी कोरडी करून तिला तेल द्यावे.