छोट्या वायनरीसाठी लाकडी बॅरल विकत घ्यावीत की भाड्याने? वापरलेली जुनी बॅरल चालतात का?

तुम्ही लिहिलंय की साक्री तालुक्यात छोटी वायनरी काढताय, ओकची (हे एक परदेशी कठीण लाकूड) बॅरल नवीन घ्यायची, जुनी घ्यायची की भाड्याने, आणि यात पर्यावरणाचा खरंच काही फायदा आहे का. भाऊ, मी पिंपळनेरकडचाच, दिंडोरी बाजूला एका वायनरीच्या सेलरमध्ये सात वर्षं काम केलंय, बॅरल धुणं, भरणं, टॉपिंग करणं, म्हणजे उडून कमी झालेली वाइन वरून भरणं, सगळं या हातांनी केलंय, त्यावरून सांगतो.

पहिलं म्हणजे बॅरल दोन वेगळी कामं करतं. एक, वास आणि चव देतं, व्हॅनिला, लवंग, भाजल्याचा धुरकट वास हे सगळं लाकडातून आणि ते आतून शेकलेलं असतं त्यातून येतं. दुसरं, लाकडातून अगदी हळूहळू हवा आत जाते आणि रेड वाइनचा तुरटपणा मऊ होतो. पहिलं काम तीन-चार वेळा भरलं की जवळपास संपतं, पण दुसरं पुढे कितीतरी वर्षं चालू राहतं. तरी लोक चौथ्या वर्षी बॅरल निकालात काढतात, त्याला अर्ध कापून कुंड्या करतात, मला ते बघवत नाही. कारण फ्रेंच ओकचं झाड दीडशे-दोनशे वर्षांचं झाल्यावर तोडतात, त्याचं लाकूड करवतीने सरळ कापता येत नाही, रेषेत फोडावं लागतं नाहीतर बॅरल गळतं, म्हणून बरंचसं लाकूड बाजूला पडतं आणि एका झाडातून जेमतेम दोन-तीन बॅरल निघतात. त्या फळ्या परत दोन-तीन वर्षं उन्हापावसात वाळत ठेवतात. एवढं करून आलेली वस्तू चार वर्षांत कुंडी?

आता पैशाचं बघा. नवीन फ्रेंच बॅरल २२५ लिटरचं, साधारण ८०० ते १,००० युरो, वर जहाजभाडं आणि ड्युटी. समजा कमीत कमी ८० हजार धरले, एका बॅरलमधून ३०० बाटल्या निघतात, एकदाच वापरलं तर बाटलीमागे अडीचशेच्या वर फक्त लाकडाचे, चारदा वापरलं तर ६५-७० रुपये. अमेरिकन ओक बरंच स्वस्त पडतं पण त्याचा वास जास्त उठून येतो, हलकी वाइन त्याखाली दबून जाते.

भाड्याची पद्धत फ्रान्स, अमेरिका, ऑस्ट्रेलियात रुळलेली आहे. कंपनी बॅरल देते, तुम्ही ठरलेली वर्षं हप्ता भरता, मुदत संपली की ती परत नेते आणि व्हिस्की, रम, बिअरवाल्यांना विकते. भांडवल अडकत नाही हे खरं, पण पर्यावरणाचा फायदा तेव्हाच जेव्हा परत नेलेलं बॅरल पुढे कुणीतरी खरंच भरतं. म्हणून करार करताना मुदतीनंतर ते कुठे जाणार हे सरळ विचारा. बोर्बन म्हणजे अमेरिकन व्हिस्की, ती करणाऱ्यांना तर अमेरिकेच्या कायद्यानेच प्रत्येक वेळी नवीन, आतून जाळलेलं बॅरल लागतं, त्यांची जुनी बॅरल स्कॉटलंडला जातात, व्हिस्की करणाऱ्या आपल्या बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीतही येतात, म्हणजे साखळी आहे, ती तुटू द्यायची नाही एवढंच. पण दहा बॅरलसाठी समुद्रापलीकडून भाड्याने आणून परत पाठवणं मला पटत नाही. त्यापेक्षा नाशिककडच्या मोठ्या वायनरीतून तीन-चार वेळा भरलेली बॅरल घ्या, विकत नाही दिली तर दोन-तीन हंगामांच्या बोलीवर भाड्याने घ्या. आपल्याकडे थ्रेशर भाड्याने घेतो तसंच आहे हे, फक्त इथे कागद हवा, आत आधी काय होतं, किती वर्षं, मधे रिकामं किती दिवस राहिलं हे सगळं त्यात लिहून घ्या.

हे कळकळीने सांगतोय कारण आमच्याकडे एकदा बाहेरून चार जुनी बॅरल आली, माल दिसायला चांगला होता, कुणी इतिहास विचारला नाही. गरम पाण्याने धुतली, जंतू मरावेत म्हणून आत सल्फर म्हणजे गंधक जाळला, भरली. पाच महिन्यांनी एकातून घोड्याच्या घामासारखा, ओल्या चामड्यासारखा वास यायला लागला, ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट होतं ते. सव्वादोनशे लिटर वाइन गेली, मीच नळी लावून ओतली, अजून आठवतं. वांग्याचं भरीत कुटायच्या लाकडी बडगीतून लसूण-मिरचीचा वास कितीही घासली तरी जातो का? लाकूड पितं. हे यीस्ट फळीत आठ-आठ मिलीमीटर आत जाऊन बसतं, वरवर धुऊन काही होत नाही. त्यामुळे बूच काढल्या काढल्या नाक लावा, व्हिनेगर, गोठा, बुरशी यातलं काहीही वाटलं तर फुकट देत असले तरी घेऊ नका. फक्त सल्फर जाळलेल्या बॅरलमध्ये तोंड घालून वास घेऊ नका, जीव गुदमरतो. आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूचं ताजं रिकामं बॅरल असेल तर त्यात सल्फर पेटवायचाच नाही, आतल्या वाफेचा भडका होतो.

चांगलं मिळालं की आधी पाणी भरून एक-दोन दिवस ठेवा. बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात सुकून धाव ढिली व्हायची तेव्हा म्हातारी माणसं गाडी नदीत उभी करायची ना, तेच इथे, फळ्या फुगल्या की गळती थांबते. दोन हंगामांच्या मधल्या काळात बॅरल कोरडं ठेवू नका, सायट्रिक ॲसिड आणि मेटाबायसल्फाइटच्या (जंतू रोखणारी गंधकाची पावडर) पाण्याने भरून ठेवा.

आता खान्देशातली खरी अडचण, ऊन. द्राक्षं जानेवारी ते मार्च, वाइन बॅरलमध्ये जाते तोपर्यंत एप्रिल-मे, पारा ४२-४४, हवा कोरडी. अमृतमध्ये वर्षाला १०-१२ टक्के व्हिस्की लाकडातून उडते, स्कॉटलंडमध्ये दोनच्या आसपास, यावरून अंदाज घ्या. शिवाय रिकामी जागा झाली की हवा लागून वाइन आंबते, टॉपिंग चुकवता येत नाही. म्हणजे १५-१६ डिग्रीची खोली लागणारच, आणि तिचं वीजबिल धरलं तर लाकूड वाचवून केलेला फायदा तिकडेच जाऊ शकतो. जाड भिंतीची, अर्धी जमिनीखाली खोली बांधता आली तर बांधा, सोलर घ्या.

म्हणून माझं मत, पहिल्या दोन वर्षांत सगळी वाइन स्टीलच्या टाकीत करा, शेनिन ब्लांकसारख्या व्हाइट वाइनला लाकूड लागतही नाही. फक्त चांगली शिराझ (ही रेड वाइन) चार-पाच जुन्या बॅरलमध्ये घाला. ओकचा वास हवाच असेल तर टाकीत ओकच्या पट्ट्या सोडा, युरोपनेही २००६ पासून ओकच्या तुकड्यांना परवानगी दिलीय, लाकूड कितीतरी कमी लागतं. सागाचं बॅरल गावच्या सुताराकडून करून घेण्याचा विचार असेल तर नको, मी छोट्या पिंपात करून बघितलंय, सागातल्या तेलाचा वास वाइनला लागला आणि तो शेवटपर्यंत गेला नाही.